घरच्या टँकमध्ये सिक्लिडची पिल्लं : आधी आईबाप ओळखा

एप्रिल-मेमध्ये कृष्णेचं पाणी उतरलं की सांगलीजवळ हरिपूरच्या संगमाच्या अलीकडे काठच्या उथळ पाण्यात गाळात गोल खड्डे दिसतात. जेवणाच्या ताटाएवढे, एकाला लागून एक, कुणी मोजून काढल्यासारखे. लहानपणी मला ते म्हशींच्या खुरांचे ठसे वाटायचे. मामा तिथं गळ टाकून बसायचे. एकदा त्यांनी मला हाताला धरून काठावर बसवलं आणि म्हणाले, "हलू नकोस, नुसतं बघ." थोड्या वेळानं एक काळसर मासा खड्ड्याच्या मधोमध येऊन उभा राहिला. तोंडात गाळ भरायचा, कडेला नेऊन थुंकायचा, पुन्हा यायचा. दुसरा मासा जवळ आला की अंगावर धावून जायचा. "चिलापीचा नर आहे. घर बांधतोय," मामा म्हणाले.

पुढची गोष्ट मला बऱ्याच वर्षांनी कळली. त्या खड्ड्यात मादी येते, अंडी घालते आणि लगेच ती तोंडात गोळा करून निघून जाते. दहा-पंधरा दिवस आधी अंडी आणि मग पिल्लं तिच्या तोंडातच असतात. या काळात ती जवळजवळ उपाशी राहते. पिल्लं बाहेर पोहायला लागली तरी वर सावली हलली की सगळी पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. बाजारात चिलापीला मरळ किंवा वांबेएवढा मान नाही, पण पिल्लांची अशी काळजी घेणारा मासा आपल्या नदीत सहज सापडणार नाही. तशी ती आपल्या नदीची नाहीच. मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणलेली.

ही चिलापी आणि तुमच्या हॉलमधल्या टँकमधला एंजल एकाच घराण्यातले. सिक्लिड हे त्या घराण्याचं नाव. एंजल, ऑस्कर, डिस्कस, कॉन्व्हिक्ट, यलो लॅब, फ्लॉवरहॉर्न हे सगळे त्यातलेच. आजवर या घराण्यातल्या १,७०० हून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यातल्या बहुतेक आफ्रिकेतल्या आणि दक्षिण व मध्य अमेरिकेतल्या. भारताच्या वाट्याला मोजक्याच आल्या. केरळची करीमीन, म्हणजे आपल्या कोकणातली काळुंदर, ही त्यांतली सगळ्यांत नावाजलेली. एवढ्या वेगवेगळ्या रंगांच्या आणि आकारांच्या या माशांत एक गोष्ट सारखी आहे. अंडी घालून हे मासे निघून जात नाहीत. कुणी पाठीशी उभं राहतं, कुणी कपारीत लपवतं, कुणी तोंडात घेऊन फिरतं.

सिक्लिडची पैदास करायची असेल तर हेच आधी समजून घ्यायला हवं. "कोणतं औषध घालू म्हणजे अंडी देतील?" असं मला पुष्कळ जण विचारतात. धडधाकट जोडी असली, पाणी बरं असलं, तर अंडी ती आपणहून घालते. पिल्लं हाताला लागत नाहीत ती नंतरच्या गोंधळामुळे, आणि तो गोंधळ बहुतेक वेळा आपला असतो. म्हणून टँक, दगड, हीटर या खरेदीच्या आधी एक प्रश्न विचारायचा. माझा मासा कोणत्या पद्धतीचा आईबाप आहे? उघड्यावर अंडी घालून राखण करणारा, बिळात घालणारा, की तोंडात सांभाळणारा? उत्तर मिळालं की टँक कसा मांडायचा हे आपोआप ठरतं.

कुंडीतला संसार

सुरुवात करणाऱ्याला मी कॉन्व्हिक्ट घ्यायला सांगतो. करड्या अंगावर काळे उभे पट्टे असलेला हा मध्य अमेरिकेतला मासा दुकानात स्वस्त मिळतो आणि आपल्या नळाच्या पाण्यात सहज राहतो. नर-मादी ओळखणंही सोपं. बहुतेक माशांत नर जास्त रंगीत असतो, इथं उलट आहे. मादी लहान असते आणि तिच्या पोटावर नारिंगी झाक असते. नर मोठा, आणि त्याचे वरचे-खालचे पर टोकाला लांब होत गेलेले.

एका जोडीला अडीच फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टँक पुरतो. एक घनफूट म्हणजे साधारण २८ लिटर, त्या हिशेबानं हा ८८ लिटरचा झाला. तळाला बारीक वाळू, एक स्पंज फिल्टर, आणि मिरजेच्या कुंभाराकडून आणलेली मातीची साधी कुंडी, आडवी टाकलेली. कुंडी रंगवलेली नको. तोंड टँकच्या मागच्या कोपऱ्याकडे वळवायचं. तुम्हाला आतलं दिसणार नाही, पण त्यांना आडोसा मिळेल, आणि तोच महत्त्वाचा.

जोडीचं जमलं की दोघं मिळून कुंडीतली वाळू उपसायला लागतात. चिलापीचा नर करत होता तेच काम, तोंडानं. मग मादी दिसेनाशी होते. नर बाहेर घिरट्या घालतो आणि काचेला हात लावला तरी बोटावर धावून येतो. हे झालं की समजायचं, आत अंडी आहेत. पंचवीस-सव्वीस अंशाच्या पाण्यात ती साधारण तीन दिवसांत फुटतात. त्यानंतर चार-पाच दिवस पिल्लं नुसती वळवळत पडून असतात, पोटाला लागलेल्या पिवळ्या थैलीवर जगतात. मग एका सकाळी कुंडीच्या तोंडातून करड्या ठिपक्यांचा ढग बाहेर येतो आणि त्याच्या दोन बाजूंना आई आणि बाप.

त्या ढगाकडे शांतपणे अर्धा तास बघत बसा, एवढीच माझी विनंती आहे. आई तळाशी जाऊन पर फडफडवते, वाळूतला बारीक कचरा वर उडतो, पिल्लं तो टिपतात. पडलेलं पान तोंडानं उचलून बाजूला करते, कारण त्याच्या खाली खायला असतं. एखादं पिल्लू भरकटलं तर बाप त्याला तोंडात घेतो आणि नेऊन कळपात थुंकतो. संध्याकाळी दिवा मालवायच्या सुमारास तर दोघंही भराभर पिल्लं तोंडात ओढायला लागतात. नव्या माणसाच्या पोटात इथं गोळा येतो. "खाल्ली हो सगळी!" असे फोन मला रात्री नऊला आलेले आहेत. त्यांनी खाल्लेली नसतात. ती कुंडीत नेऊन झोपवायची असतात. सकाळी मोजा, सगळी तिथंच असतील.

कॉन्व्हिक्टची अडचण वेगळीच आहे. एका वेताला शे-दोनशे पिल्लं, आणि महिन्या-दीड महिन्यात पुढची अंडी. दुकानदार पहिल्यांदा घेतो, दुसऱ्यांदा नाही म्हणतो. तेव्हा जोडी लावायच्या आधीच पिल्लं कुणाला देणार हे ठरवा. जास्त झाली म्हणून ती कृष्णेत, वारणेत, गावच्या तळ्यात किंवा शेजारच्या ओढ्यात सोडू नका. हे मी हात जोडून सांगतो. आपली नदी पावसाळ्यात गावातून फिरते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ओढ्यात सोडलेला मासा नदीत पोचायला एक पूर पुरतो. आणि जो मासा आपली पिल्लं इतक्या निगुतीनं वाचवतो, तो इथल्या माशांच्या जागा बघता बघता घेतो. चिलापीनं तेच केलं. जोडी वेगळी करणं, अंडी असलेली कुंडी दुसऱ्या दिवशीच बाहेर काढणं, हे उपाय आपल्या हातात आहेत.

एंजलची पहिली अंडी

एंजलची तऱ्हा वेगळी. हा दक्षिण अमेरिकेतल्या अॅमेझॉन खोऱ्यातला, उभ्या पानांच्या गर्दीत राहणारा मासा. त्यामुळे अंडीही उभ्या जागेवरच घालतो. रुंद पान, उभी टेकवलेली पाटी, नाहीतर फिल्टरचा पाइप. माझ्या पहिल्या जोडीनं विकत आणलेली महागाची पाटी सोडून हीटरच्या काचेवर अंडी घातली होती.

यात नर-मादी बघून जोडी विकत घेण्याचा हट्ट धरू नये. लहान वयात दोघांत फरक दिसतच नाही. सहा-आठ लहान मासे एकत्र वाढवा. आठ-दहा महिन्यांत त्यांतले दोन एक कोपरा धरतात आणि बाकीच्यांना तिकडं फिरकू देत नाहीत. ती तुमची जोडी. बाकीच्यांना वेगळं करा आणि जोडीला निदान दीड फूट उंचीचा टँक द्या. अंडी घालायच्या एक-दोन दिवस आधी दोघांच्याही पोटाखाली एक छोटी नळी बाहेर दिसते. नराची बारीक आणि टोकदार, मादीची जाड आणि बोथट. कधी दोन माद्याच जोडी जमवतात. अंडी भरपूर होतात आणि सगळी पांढरी पडतात. दोन्ही मासे पाटीवर अंडी घालताना दिसले तर दुसरं कारण शोधत बसू नका.

अंडी घालताना एकदा तरी बघायला मिळावं. आधी दोघं पाटी तोंडानं घासून लख्ख करतात. मग मादी खालून वर, पाटीला पोट टेकवून हळू सरकते आणि मागं अंड्यांची ओळ उमटत जाते, शिवणयंत्राखाली टाके पडावेत तशी. तिच्या मागोमाग त्याच ओळीवरून नर जातो. पुन्हा ती, पुन्हा तो. तासाभरात पाटीवर दोन-तीनशे मधाच्या रंगाचे मणी चिकटलेले असतात. त्यानंतर दोघं आळीपाळीनं त्यांच्यावर परानं वारा घालत राहतात, म्हणजे ताजं पाणी फिरत राहतं आणि घाण बसत नाही. जे अंडं पांढरं पडतं ते मेलेलं. त्याच्यावर बुरशी येते आणि ती शेजारच्या अंड्यांवर पसरते, म्हणून आईबाप ते वेचून खातात. ही स्वच्छता आहे.

सत्तावीस-अठ्ठावीस अंशाला दोन-अडीच दिवसांत अंडी फुटतात. पिल्लं डोक्याकडच्या चिकट धाग्यानं पाटीला लटकलेली, शेपट्या थरथरवत. आणखी पाच-सहा दिवसांनी ती पोहायला लागतात.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. एंजल आपलीच अंडी का खातात? पहिल्या दोन-तीन वेळा तरुण जोडी हमखास खाते. तिला अजून जमलेलं नसतं. काचेजवळ सतत माणसं, टँकमध्ये दुसरे मासे, रात्री एकदम मालवलेला दिवा, यांमुळे अनुभवी जोडीही बिथरते. अंडी जाणारच असं वाटलं की ती स्वतःच गिळून टाकते. म्हणजे निदान अंगाला तरी लागतं आणि पंधरा-वीस दिवसांत पुन्हा घालता येतात. निसर्गाचा हिशेब आहे, त्यात तिचा दोष नाही. समोरच्या काचेवर कागद लावा, खोलीत रात्री झिरोचा बल्ब चालू ठेवा, टँकमध्ये फक्त ती दोघं असू द्या. बऱ्याच वेळा तेवढ्यानं भागतं.

धंदा करणारे अंडी घातल्या घातल्या पाटीच उचलतात आणि वेगळ्या लहान टँकमध्ये, हवेचा दगड (पंपाची हवा बारीक बुडबुड्यांनी सोडणारा तुकडा) लावून, मिथिलिन ब्ल्यू या बुरशी रोखणाऱ्या औषधानं पाणी निळसर करून पिल्लं काढतात. पिल्लं जास्त वाचतात हे खरं. तरी घरी पाळणाऱ्यानं निदान तीन-चार संधी आईबापाला द्याव्यात असं माझं मत आहे. दोघांनी मिळून पिल्लांचा थवा फिरवताना एकदा बघितलंत की पाटी उचलायला तुमचा हात धजावणार नाही.

पाण्याचं विरजण

अंडी फुटेपर्यंत सगळे पोचतात. पोहायला लागलेली पिल्लं पंधरा दिवसांत संपतात. याचं कारण शंभरात नव्वद वेळा पाणी असतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही तो तयार होतो. अमोनिया विष आहे. टँकमध्ये, मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवर, जिवाणूंची वस्ती असते. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे खूप सौम्य असतं आणि पाणी बदललं की निघून जातं. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टँकमध्ये ती नसते. म्हणूनच आरशासारख्या स्वच्छ पाण्यात मासे मरतात आणि माणूस चक्रावतो.

आपल्या घरात याला सोपा दाखला आहे, विरजण. नुसतं दूध ठेवलं तर दही लागायचं की नासायचं याचा भरवसा नाही, चमचाभर विरजण घातलं की लागतंच. पिल्लांसाठी वेगळा टँक करायचा असेल तर त्यासाठीचा स्पंज महिनाभर आधी चालू टँकमध्ये सोडून ठेवा. अंडी आली की तोच स्पंज आणि निम्मं जुनं पाणी पिल्लांच्या टँकमध्ये. वस्ती तयार येते.

ही वस्ती मारायला एक नळ पुरेसा असतो. माझ्याकडे एकदा एंजलची दीडशेच्या आसपास पिल्लं होती, तीन आठवड्यांची, परांना आकार यायला लागलेली. स्पंज तुंबला होता. रात्री घाई होती म्हणून मी तो नळाखाली धरून स्वच्छ पिळला आणि परत लावला. दुसऱ्या दिवशी पिल्लं वरच्या बाजूला येऊन तोंडं उघडझाप करत होती. मी हवा वाढवली, खाणं जास्त घातलं, सगळं चुकीचं. चौथ्या दिवशी अकरा उरली. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं आणि माझ्या पिळण्यानं जिवाणू गेले होते आणि अमोनिया साचत गेला होता. तेव्हापासून स्पंज धुतो तो टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच, दोनदा हलकासा दाबून. आणि नळाचं पाणी उघड्या पिंपात, हवेचा दगड सोडून, एक दिवस ठेवल्याशिवाय वापरत नाही.

पाण्याचा जडपणा हा दुसरा भाग, आणि आपल्या जिल्ह्यात त्याला महत्त्व आहे. मिरज, वाळवा, पलूसच्या काळ्या रानात उसाला पाणी पाजून पाजून बऱ्याच जमिनी क्षारपड झाल्या. तिथल्या बोरचं पाणी जड आणि मचूळ. नदीवरून येणारं नळाचं पाणी त्या मानानं हलकं. एंजल आणि डिस्कसला हलकं पाणी लागतं. फार जड पाण्यात त्यांची अंडी नीट फळत नाहीत. बोरवर अवलंबून असाल तर आरओचं पाणी मिसळून ते हलकं करा. कॉन्व्हिक्टला कशाचं काही नाही. आफ्रिकेतल्या मलावी तळ्यातल्या माशांना पीएच ७.७ ते ८.६ च्या दरम्यानचं पाणी मानवतं. मात्र आपलं बोरचं पाणी जड आहे म्हणजे ते मलावीचं झालं, असं समजू नका. मलावीचं पाणी खारट नाही. क्षारपड भागातल्या बोरमध्ये मिठाचा अंश बराच असतो, आणि टीडीएसचं पेन सगळे क्षार एकत्रच मोजतं. त्यामुळे आकडा बघून खूश होण्यात अर्थ नाही. चाखून बघितलं आणि जीभ खारट झाली तर ते पाणी नको.

दगडांचंही तसंच. सह्याद्रीचा काळा पत्थर बिनधोक, तो पाण्यात काही सोडत नाही. रानात सापडणारी पांढरट चुनखडी मात्र पाणी जड करत राहते. शंका आली तर दगडावर लिंबू पिळा. फेस आला तर त्यात चुना आहे. एंजलच्या टँकमध्ये तो चालणार नाही.

पहिला घास

पोहायला लागलेल्या पिल्लाचं तोंड टाचणीच्या टोकाएवढं. त्याला हलणारं खाणं लागतं. आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक जिवाची, ताजी फुटलेली पिल्लं याला तोड नाही. त्याची अंडी दुकानात डबीत मिळतात. एक लिटर पाण्यात साधारण पंचवीस ग्रॅम खडे मीठ, त्यात पाव चमचा अंडी, खालपर्यंत जाणारी हवेची नळी, वर दिवा. अठ्ठावीस अंशाच्या आसपास चोवीस ते तीस तासांत ती फुटतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबायचं. रिकामी टरफलं वर तरंगतात, नारिंगी जीव खाली, उजेडाच्या बाजूला गोळा होतात. ते नळीनं ओढून बारीक कापडावर गाळायचे, गोड्या पाण्यानं धुवायचे आणि मग पिल्लांना द्यायचे. दोन बाटल्या एक दिवसाच्या अंतरानं लावल्या की रोज ताजं मिळतं.

दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. भिंगातून बघा, पिल्लांची पोटं नारिंगी दिसली की घास पोचला. उकडलेल्या अंड्याचा बलक देण्याची जुनी पद्धत आहे. जमते, पण पाणी फार लवकर नासतं. नाइलाज असेल तरच. गटारातून आणलेल्या जिवंत अळ्या पिल्लांना देऊ नका. त्यांच्याबरोबर रोग येतात.

एवढं खाणं म्हणजे तेवढी घाण. दर दोन-तीन दिवसांनी चौथा हिस्सा पाणी बदला. नवं पाणी त्याच तापमानाचं असू द्या. जानेवारीत आपल्याकडे पहाटे चांगलीच थंडी असते, तेव्हा पिंपातलं पाणी सरळ ओतलं तर पिल्लं गारठतात. हीटर एका लिटरला एक वॅट या मापानं घ्या. मे महिन्यात उलटी तऱ्हा, टँक खिडकीपासून लांब, झाकण अर्धं उघडं आणि हवा जोरात. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असावा. तो नसेल तर तांब्यानं टँकमधलंच पाणी काढून वीतभर उंचीवरून परत ओतत राहायचं. आणि त्या खोलीत डासांची कॉइल, मशीन, फवारा काही नको. पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो आणि डासांच्या औषधांतले बरेचसे घटक माशांसाठी जालीम असतात.

तोंडातली पिल्लं

मला स्वतःला सगळ्यात प्रिय मलावीचा यलो लॅब. लिंबासारखा पिवळा, पाठीच्या परावर काळी रेघ. याची पद्धत चिलापीची, पण आणखी सुधारलेली. अंडी थोडी, दहा ते पंचवीस, पण मोठी. मादी एकेक अंडं घालते आणि वळून लगेच तोंडात घेते, इतकं झटकन की नराला त्यावर जायला वेळच मिळत नाही. मग ती फळतात कशी? मलावीच्या अनेक जातींच्या नरांच्या खालच्या परावर पिवळे गोल ठिपके असतात, हुबेहूब अंड्यांसारखे. नर तो पर वाळूवर पसरून थरथरवतो. मादीला वाटतं, दोन अंडी राहिली. ती उचलायला तोंड लावते आणि त्याच क्षणी नराचं बीज तिच्या तोंडात जातं. अंडी तोंडातच फळतात. वोल्फगांग विकलर या जर्मन शास्त्रज्ञानं १९६२ मध्ये ही कल्पना मांडली. त्यानंतर ठिपक्यांचं नेमकं काम काय यावर पुष्कळ प्रयोग झाले. काही जातींत ठिपके नसले तरी अंडी फळतात असंही दिसलं. गोल गोल फिरणारी ती जोडी मात्र टँकमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी बघता येते.

यांना जोडीनं ठेवू नये. नर फार मागं लागतो, एकट्या मादीचा जीव जातो. एका नराला तीन-चार माद्या, तीन बाय दीड बाय दीड फुटांचा, म्हणजे १९० लिटरचा टँक, आणि दगडांच्या राशीत भरपूर कपारी. एकमेकांत मिसळणाऱ्या जाती एका टँकमध्ये ठेवू नका. यलो लॅबचा रेड झेब्राशी सहज संकर होतो. पिल्लं गोजिरी दिसतात, पण ती धड ही नाहीत, धड ती नाहीत, आणि यलो लॅब म्हणून विकली गेली की पुढच्या माणसाची फसवणूक होते. फ्लॉवरहॉर्न आणि पॅरट हे तर माणसानंच केलेले संकर. घरातली पॅरटची जोडी अंडी घालते, राखते आणि ती दरवेळी पांढरी पडतात, त्यात तुमचं काही चुकत नाही. पॅरटचे नर बहुतेक वांझ असतात.

यलो लॅबच्या मादीच्या तोंडात अंडी आहेत हे हनुवटीवरून कळतं. खालचा जबडा फुगलेला, तोंड पुरतं मिटत नाही, मधूनच आत काहीतरी घोळवल्यासारखं करते. खाणं घातलं की सगळे धावतात, ती कपारीत मागं उभी राहते. हे तीन ते चार आठवडे चालतं. पहिल्या आठवड्यात तिला हात लावू नका, घाबरली तर अंडी थुंकते नाहीतर गिळते. अठरा-वीस दिवस झाले की संध्याकाळी दिवे मालवून, जाळी न फिरवता, प्लास्टिकच्या डब्यात तिला पाण्यासकट उचला आणि लहान टँकमध्ये सोडा. तिथं एक कुंडी आणि जुना स्पंज, बस. तोंड उघडून जबरदस्तीनं पिल्लं काढायची पद्धतही आहे. मला ती रुचत नाही. आई स्वतः सोडते तेव्हा पिल्लं साधारण एक सेंटिमीटरची, पूर्ण तयार झालेली असतात आणि चुरलेलं कोरडं खाणं त्याच दिवसापासून घेतात. आर्टेमियाची धावपळसुद्धा लागत नाही.

पिल्लं सोडून झाली की आईकडे बघा. पोट आत गेलेलं, डोकं अंगापेक्षा मोठं दिसतं. लगेच मोठ्या टँकमध्ये टाकली तर नर पुन्हा मागं लागतो, आठवड्यात तोंडात पुन्हा अंडी आणि पुन्हा उपवास. असं दोन-तीनदा झालं की मादी खंगून जाते. पिल्लं दुसरीकडे हलवा आणि तिला त्या लहान टँकमध्ये एकटीला दहा-पंधरा दिवस राहू द्या. पहिले दोन दिवस चिमूटभरच, स्पिरुलिना या शेवाळाचं खाणं भिजवून. मग हळूहळू वाढवायचं. डोकं आणि पोट पुन्हा एका रेषेत आलं की मगच तिला मोठ्या टँकमध्ये सोडायची. सोडायच्या आधी आतले चार दगड हलवून जागा बदलायच्या, म्हणजे कोपरे सगळ्यांनाच नवे होतात आणि आल्या आल्या तिच्यावर कुणी धावून येत नाही.